आफ्टरग्लोचा प्रकाशवक्र जुळतो, पण घनता ठरत नाही: चूक कुठे होत असावी?

प्रश्न: कृत्तिका

नमस्कार. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प एका दीर्घ गॅमा किरण स्फोटाच्या आफ्टरग्लोवर आहे, म्हणजे मूळ स्फोट काही सेकंदांत विझल्यानंतर क्ष-किरणांत, दृश्य प्रकाशात आणि रेडिओ लहरींत मागे उरणाऱ्या आणि दिवसेंदिवस मंदावत जाणाऱ्या प्रकाशावर. क्ष-किरणांची मोजमापे मी लेस्टर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घेतली, जिथे स्विफ्ट उपग्रहाचे प्रकाशवक्र तयार मिळतात. दृश्य प्रकाशाची मोजमापे प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून गोळा केली आणि आपल्या आकाशगंगेतील धुळीमुळे होणारी घट त्यांत भरून काढली.

पहिले दृश्य निरीक्षण स्फोटानंतर सुमारे १००० सेकंदांचे आहे आणि तेव्हाच प्रकाश मंदावत होता. एका दिवसानंतर आर-फिल्टरमध्ये (तांबड्या प्रकाशात) २० प्रत भरते; प्रत हे तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद. शेवटचे निरीक्षण सहाव्या दिवसाचे असून तोपर्यंत उताराला कुठेही मोड दिसत नाही. लॉग-लॉग आलेखावर दृश्य प्रकाशाचा कालघातांक (काळाच्या ज्या घाताने प्रकाश मंदावतो तो) ०.९६ आणि क्ष-किरणांचा १.२० येतो. वर्णपटाचा घातांक (वारंवारतेच्या ज्या घाताने प्रकाश घटतो तो) दृश्य भागात ०.६४ आणि क्ष-किरणांत १.१३ आहे. हे चारही घातांक उताराचे आहेत.

एमसीएमसी पद्धतीने (यात संगणक राशींच्या किमती यदृच्छेने बदलत, लांब साखळ्यांतून जुळणाऱ्या किमती शोधतो) मी सहा राशी मोकळ्या सोडल्या: स्फोटाची ऊर्जा, सभोवतालच्या वायूची घनता, ऊर्जेपैकी इलेक्ट्रॉनांकडे जाणारा वाटा, चुंबकीय क्षेत्राकडे जाणारा वाटा, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जावितरणाचा घातांक पी आणि झोताचा कोन. वक्र बिंदूंमधून सुरेख जातो आणि काय-स्क्वेअर हे जुळणीचे मापही उत्तम आहे, पण घनता मात्र एका घनसेंटिमीटरला ०.००१ कणांपासून १० कणांपर्यंत कुठेही बसते, आणि चुंबकीय वाटा तितकाच सैल आहे. कॉर्नर प्लॉटमध्ये, म्हणजे राशींच्या जोड्यांच्या आलेखांत, गोलसर ठिपके दिसण्याऐवजी लांबट तिरके पट्टे दिसतात. साखळ्या दुप्पट लांब चालवून पाहिल्या, तरी फरक पडला नाही. मार्गदर्शकांनी घनतेची एक किंमत मागितली आहे. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर: सप्तर्षी

कृत्तिका, तुमचे फारसे काही चुकलेले नाही. साखळ्या कितीही लांबवल्या तरी हे पट्टे आखडणार नाहीत, कारण जी माहिती मोजमापांतच नाही ती गणिताने निर्माण होत नसते. हे नीट समजण्यासाठी थोडा वेळ संगणक बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घ्यावी, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते.

प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळच्या वेगाने निघालेला झोत सभोवतालच्या विरळ वायूत घुसतो, पुढ्यातला वायू रेटत नेतो आणि त्यात आघात तरंग तयार होतो. या तरंगात वेग मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि सिंक्रोट्रॉन प्रारण बाहेर पडते. सारी, पिरान आणि नारायण यांनी १९९८ मध्ये या प्रारणाचा वर्णपट सरळ रेषांच्या तुकड्यांत मांडला आणि आज आपण सगळे तीच चौकट वापरतो. त्या वर्णपटाला तीन सांधे असतात. सर्वांत खालचा स्वशोषणाचा, ज्याच्या खाली प्रारण स्वतःच्याच इलेक्ट्रॉनांत अडकते. मधला बहुसंख्य इलेक्ट्रॉनांच्या किमान ऊर्जेचा, जिथे शिखर असते. आणि वरचा कूलिंगचा, ज्याच्या पलीकडचे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा झपाट्याने गमावून बसलेले असतात.

आता तुमचेच आकडे घेऊ. शिखर आणि कूलिंग यांच्या मधल्या भागात वर्णपटाचा घातांक (पी − १) ÷ २ असतो. तो ०.६४ आहे, म्हणजे पी २.२८ झाला. वायूची घनता सर्वत्र सारखी असेल, तर त्याच भागात कालघातांक वर्णपटाच्या घातांकाच्या दीडपट असायला हवा, म्हणजे ०.९६. तुमचा आकडा हुबेहूब तोच आहे. कूलिंगच्या वर वर्णपटाचा घातांक पी ÷ २, म्हणजे १.१४ यायला हवा, तो १.१३ आला. तिथला कालघातांक (३ × पी − २) ÷ ४, म्हणजे १.२१ हवा, तो १.२० आला. याउलट, मरणाऱ्या ताऱ्याच्या वाऱ्यामुळे अंतराच्या वर्गानुसार विरळ होत जाणारा वायू असता, तर दृश्य प्रकाश १.४६ या घातांकाने उतरला असता. तेव्हा वायू एकसारख्या घनतेचा आहे आणि कूलिंगचा सांधा दृश्य प्रकाश व क्ष-किरण यांच्या मध्ये आहे, एवढे तुम्ही एकही साखळी न चालवता सांगू शकता. ही माहिती लहान नाही. प्रबंधात ती आधी लिहावी.

यापुढची अडचण मोजणीची आहे. ऊर्जा, घनता आणि दोन वाटे या चार राशी काढायच्या, तर वर्णपटाचे तीन सांधे आणि शिखराची उंची या चारही गोष्टी मोजलेल्या हव्यात. तुमच्याकडे यांपैकी फक्त कूलिंगचा सांधा आहे. शिखराबद्दल इतकेच कळते की १००० सेकंदांपूर्वीच ते दृश्य पट्ट्याच्या खाली गेले होते, आणि स्वशोषणाबद्दल तर काहीच कळत नाही. चार अज्ञातांची सांगड दीड समीकरणाशी घातली की उत्तर बिंदू म्हणून न येता पट्टा म्हणूनच येणार.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळदा नजरेआड होते. आयखलर आणि वॅक्समन यांनी २००५ मध्ये दाखवले की सर्वच इलेक्ट्रॉनांना वेग मिळतो हे आपले गृहीतक आहे. त्यांतला काही अंशच वेग घेत असेल, तर ऊर्जा आणि घनता त्या अंशाने भागून, आणि दोन्ही वाटे त्याच अंशाने गुणून, प्रकाशवक्र जसाच्या तसा राहतो. हा अंश प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराइतका, म्हणजे सुमारे १८०० पटींपर्यंत लहान असू शकतो. म्हणून 'सर्व इलेक्ट्रॉन सहभागी आहेत असे धरून' हे शब्द तुमच्या कोष्टकाखाली असायलाच हवेत.

एक शंका विचारतो. क्ष-किरणांच्या वक्रात सुरुवातीचा सपाट भाग आहे का? असल्यास तो याच जुळणीत घातला आहे का? स्विफ्टच्या अनेक स्फोटांत आधी तीव्र उतार, मग ०.५ च्या आसपासच्या घातांकाचा पठारासारखा भाग आणि नंतर नेहमीचा उतार दिसतो. पठारात बहुधा केंद्राकडून ऊर्जेची भर पडत असते आणि साध्या मॉडेलला ती ठाऊक नसते. तो भाग आत ठेवला तर साखळी ऊर्जेची आणि घनतेची ओढाताण करून कसेबसे जुळवून घेते. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी तो आत ठेवला होता आणि निघालेले आकडे शेवटी सगळे टाकून द्यावे लागले.

उत्तर: खोडद_मार्ग

सप्तर्षी यांनी मांडलेल्या हिशेबात जे दोन सांधे हरवले आहेत ते रेडिओत सापडतात. मी रेडिओ निरीक्षणांच्या बाजूने लिहितो.

हा विषयच मुळी अनेक दुर्बिणींच्या एकत्र पाहण्यातून उभा राहिला. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाचा क्ष-किरणांतला आफ्टरग्लो बेपोसॅक्स उपग्रहाने पकडला आणि त्याच जागी ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीला दृश्य प्रकाशातला मंदावणारा बिंदू सापडला. त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या स्फोटाच्या आफ्टरग्लोचा वर्णपट हवाईतील केक दुर्बिणीने घेतला, त्यात लोह आणि मॅग्नेशियम यांच्या शोषणरेषा दिसल्या आणि ताम्रसृती (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला याचे, म्हणजेच अंतराचे माप) किमान ०.८३५ असल्याचे कळले. हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की दूरच्या दीर्घिकांतले, हा कित्येक वर्षांचा वाद त्या वर्णपटाने मिटवला. त्या कामात असलेले श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म आपल्या कुरुंदवाडचा.

त्याच स्फोटाचा रेडिओ प्रकाश न्यू मेक्सिकोतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने टिपला. तो आधी काही आठवडे लुकलुकत होता आणि नंतर स्थिरावला. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत त्याचे जे कारण, तेच इथेही: स्रोत पुरेसा मोठा झाला की मधल्या माध्यमातील उंचसखलपणा त्याला हलवू शकत नाही. सुमारे महिन्याभराने त्याचा आकार १०चा १७वा घात सेंटिमीटर, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या साडेसहा हजार पटींहून थोडा अधिक, इतका झाला होता. महिन्याभरात एवढे पसरायला प्रकाशाच्या तोडीचा वेग लागतो. आगीचा गोळा खरोखर त्या वेगाने फुगतो आहे, याचा तो थेट पुरावा होता.

आता तुमच्या स्फोटाकडे येतो. घनता एकसारखी असताना शिखराची वारंवारता काळाच्या दीडाव्या घाताने खाली घसरते. १००० सेकंदांना ते दृश्य पट्ट्यातून गेले असे धरले, तर १.३ गिगाहर्ट्झला पोहोचायला त्याला सुमारे ६१ दिवस लागतील. म्हणजे ज्या वेळी दृश्य दुर्बिणींनी तो स्फोट कधीच सोडून दिलेला असतो, त्या वेळी खोडदला, म्हणजे पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर, त्याचा खरा हंगाम सुरू होतो. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत. ढग किंवा दिवसाचा उजेड त्यांना आड येत नाही. आड येतो तो माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट. दर अर्ध्या-पाऊण तासाने अँटेना जवळच्या कॅलिब्रेटर स्रोताकडे (मोजमापे तपासून घेण्यासाठीच्या ठरलेल्या स्रोताकडे) वळवायच्या, पुन्हा स्फोटाच्या जागी आणायच्या, आणि नंतर मोजमापांतून गोंगाटाचे तुकडे एकेक करून कापून काढायचे. एका निरीक्षणामागे असे कित्येक दिवसांचे काम असते आणि शेवटी नकाशात त्या जागी कधी एक फिकट ठिपका उमटतो, कधी काहीच नाही. पूनम चंद्र आणि डेल फ्रेल यांनी २०१२ मध्ये रेडिओत पाहिलेल्या ३०४ आफ्टरग्लोंचा आढावा घेतला, तेव्हा त्यांपैकी ३१ टक्केच सापडलेले होते.

पण जे सापडतात ते फार काही सांगून जातात. २९ मार्च २००३ च्या स्फोटाचा पाठपुरावा नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क आणि आपली जीएमआरटी यांनी तीन वर्षांहून अधिक काळ केला. तोवर झोताचा वेग मंदावून तो जवळजवळ गोलाकार पसरू लागलेला असतो. त्यामुळे झोताचा कोन माहीत नसतानाही ऊर्जेचा अंदाज बांधता येतो. १४ जानेवारी २०१९ च्या स्फोटात एका टोकाला मॅजिक या गॅमा किरण दुर्बिणींनी टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे फोटॉन पकडले आणि दुसऱ्या टोकाला जीएमआरटीने कमी वारंवारतेची मोजमापे दिली. ती सगळी एकत्र जुळवताना इलेक्ट्रॉनांचा आणि चुंबकीय क्षेत्राचा वाटा काळानुसार बदलतो असे मानावे लागले. आपण ज्या राशी स्थिर धरून चालतो, त्या स्थिर असतीलच असे नाही.

तेव्हा सल्ला एकच. तुमच्या स्फोटाची जीसीएन परिपत्रके (निरीक्षक एकमेकांना पाठवतात त्या तातडीच्या नोंदी) पुन्हा शोधा आणि त्यांत रेडिओची एकही ओळ सोडू नका.

उत्तर: स्वाती

झोताच्या कोनाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात भर घालते. झोत मंदावला की त्याच्या प्रकाशाचा शंकू रुंदावत जातो, आणि तो झोताच्या कडेपर्यंत पोहोचला की शिखराच्या वरच्या सर्व वारंवारतांना एकाच वेळी उतार तीव्र होऊन घातांक पी इतका होतो. मे १९९९ मधल्या एका स्फोटात हा मोड सुंदर दिसला होता. तुमच्याकडे सहा दिवसांपर्यंत मोड नसेल, तर कोनाची फक्त खालची मर्यादा मिळते. साखळीने कोनाची एक किंमत आणि तिची त्रुटी छापली असली, तरी ती किंमत तुम्ही दिलेल्या सुरुवातीच्या मर्यादांचीच सावली आहे. त्या मर्यादा बदलून पाहा, उत्तरही त्यांच्यामागे सरकेल.

आपण झोताच्या अक्षावरून न पाहता बाजूने पाहत असलो, तर हा गुंता आणखी वाढतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून गुरुत्वीय लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. त्याचा आफ्टरग्लो मात्र क्ष-किरणांत नवव्या आणि रेडिओत सोळाव्या दिवशी दिसला, आणि पुढे सुमारे पाच महिने मंदावण्याऐवजी वाढत गेला. तो वक्र पुष्कळांनी उत्तम जुळवला, तरी पाहण्याचा कोन आणि झोताचा कोन वेगळे होईनात, कारण वक्राच्या आकारातून प्रामुख्याने त्यांचे गुणोत्तरच कळते. अखेर कुणाल मुळे आणि सहकाऱ्यांनी दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून ७५व्या आणि २३०व्या दिवसांदरम्यान स्रोत आकाशात २.७ मिलीआर्कसेकंद (एक मिलीआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग) सरकल्याचे मोजले. वरवर पाहता हा वेग प्रकाशाच्या चौपट भरतो, आणि झोत अरुंद असून आपण तो सुमारे २० अंशांच्या कोनातून पाहत आहोत असे ठरते. तुमच्या घनतेला जशी रेडिओची गरज आहे, तशी तिथे कोनाला त्या सरकण्याची गरज होती.

कृत्तिका

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, मनापासून आभार. पठाराचा भाग खरोखरच जुळणीत होता. तो काढून पुन्हा चालवले, तेव्हा ऊर्जा कमी झाली पण घनतेचा पट्टा तसाच राहिला. परिपत्रकांत एक रेडिओ नोंद सापडली. ४०व्या दिवशी १.३ गिगाहर्ट्झला स्रोत दिसला नाही, तीन सिग्मा पातळीची (त्रुटीच्या तिप्पट) वरची मर्यादा ९० मायक्रोजान्स्की; जान्स्की हे रेडिओ तेजाचे एकक आणि मायक्रोजान्स्की त्याचा दशलक्षावा भाग. 'दिसला नाही' असे असल्यामुळे मी ती आधी वगळली होती. तिचा काही उपयोग होईल का?

उत्तर: सप्तर्षी

फारच उपयोग होईल. ही नोंद वगळू नका.

२० प्रत म्हणजे सुमारे ३६ मायक्रोजान्स्की. एका दिवशी दृश्य पट्ट्यात इतका प्रकाश आहे आणि तिथून खालच्या वारंवारतांकडे तो ०.६४ च्या घातांकाने वाढत शिखरापर्यंत जातो. शिखर १००० सेकंदांना दृश्य पट्ट्यातून गेले असेल, तर एका दिवशी ते ८०० पट खाली आलेले असेल आणि त्याची उंची सुमारे २.६ मिलिजान्स्की भरेल. ते त्याआधीच गेले असेल, तर उंची याहून जास्तच निघेल. एकसारख्या घनतेत ही उंची झोताचा मोड येईपर्यंत बदलत नाही. म्हणून मोड नसेल आणि स्वशोषणही नसेल, तर ४०व्या दिवशी १.३ गिगाहर्ट्झला किमान २ मिलिजान्स्की दिसायला हवे होते. तुमची मर्यादा त्याच्या विसाव्या भागाहूनही खाली आहे.

आता मोड सहाव्या दिवसानंतर लगेच आला असे धरू. मोडानंतर शिखराची उंची काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि त्याची वारंवारता काळाच्या वर्गाने खाली येते. तसे केले, तर ४०व्या दिवशी सुमारे ०.३ मिलिजान्स्की अपेक्षित आहे. हेही तुमच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आहे. मोड त्याआधी येऊ शकत नाही, कारण तुमचा दृश्य वक्र सहा दिवसांपर्यंत सरळ आहे. तेव्हा प्रकाश कुठेतरी अडकला असणार, म्हणजे स्वशोषणाचा सांधा १.३ गिगाहर्ट्झच्या वर असणार. माझ्या ढोबळ हिशेबाने तो किमान २ गिगाहर्ट्झच्या आसपास हवा. स्वशोषण घनतेबरोबर वाढते, त्यामुळे पट्ट्याचे विरळ टोक इथेच गळून पडते.

दोन गोष्टी सांभाळा. एक, खोडद_मार्ग यांनी सांगितलेली लुकलुक ४०व्या दिवशी या वारंवारतेला अजून चालू असू शकते, म्हणून त्या मोजमापाला तेवढी जादा त्रुटी जोडा. दोन, वरची मर्यादा ही 'शून्य, त्रुटी ३०' अशा स्वरूपात जुळणीत घाला. 'मॉडेल ९०च्या वर गेले की बाद' असा कडक नियम लावू नका, नाहीतर साखळी त्या भिंतीला चिकटून बसते.

कृत्तिका

लुकलुकीसाठी जादा त्रुटी धरून, आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्रभर चालवले. घनतेचे खालचे टोक ०.००१ वरून जवळपास एकापर्यंत वर आले आहे, वरचे मात्र हललेले नाही. मार्गदर्शकांना एक किंमत न देता हा पल्ला देणार आहे, आणि त्याच्याखाली सर्व इलेक्ट्रॉन सहभागी असल्याचे गृहीतक लिहिणार आहे. त्या परिपत्रकातील मूळ निरीक्षण जीएमआरटीच्या ऑनलाइन संग्रहात आता सर्वांसाठी खुले आहे असे दिसते. ते स्वतः कॅलिब्रेट करून त्या जागेचा नकाशा काढून पाहायचा आहे, म्हणजे ९० हा आकडा मला दुसऱ्याच्या शब्दावर घ्यावा लागणार नाही. खोडद_मार्ग, गोंगाट कापण्यासाठी सुरुवात कुठून करावी, हे आपण सांगाल का?

उत्तर: खोडद_मार्ग

नक्की. आधी फक्त फ्लक्स कॅलिब्रेटर (ज्याचे तेज आधीच माहीत असते तो स्रोत) घ्या, स्फोटाच्या मोजमापांना हातही लावू नका. प्रत्येक अँटेनाच्या जोडीसाठी वेळ आणि वारंवारता यांचा आलेख काढा. कॅलिब्रेटर तेजस्वी आणि स्थिर असतो, त्यामुळे त्या आलेखात जे काही उभे-आडवे पट्टे दिसतील ते गोंगाटाचेच समजा. कोणत्या अँटेना त्या दिवशी नीट चालत नव्हत्या हेही तिथेच कळेल. त्यांची यादी करून ती इथे टाका, मग पुढची पायरी पाहू.